शब्दचर्चा: मर्दानगी, मर्दुमकी, पौरुष, पुरुषार्थ... नक्की कुठला वापरू?

खाडाखोड:
एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करते आहे. विशी-पंचविशीतल्या मुलग्यांसाठी ‘स्वतःला घडवा’ छापाचं. पहाटे उठा, गार पाण्याने आंघोळ करा, अंथरूण आवरा, रडगाणं बंद करा. वाक्यं चार-चार शब्दांची, त्यामुळे काम झरझर व्हायला हवं होतं. पण एका शब्दापाशी गाडी रुतली ती आठ दिवस जागची हलेना. ‘मॅस्क्युलिनिटी’.

संपादकांनी मुखपृष्ठावर ‘मर्दानगी’ ठरवूनही टाकलंय. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर लांबून वाचता येतो, म्हणतात. मला तो हिंदी सिनेमाच्या पोस्टरवरून उतरून आल्यासारखा वाटतो. ‘पुरुषत्व’ लिहायला गेले की लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या, चुन्याने रंगवलेल्या भिंती आठवतात, ‘खोई हुई ताकद’वाल्या. ‘पौरुष’ म्हटलं की शेला-पागोटं घातलेलं कुणीतरी समोर उभं राहतं. ‘मर्दुमकी’ तर आता टोमणा मारायलाच उरलीय: ‘बायकोवर हात उगारलास? वा, काय मर्दुमकी गाजवलीस!’

दुसरा पेच ‘बी अ मॅन’चा. ‘पुरुष हो’ म्हणावं तर शस्त्रक्रियेचा सल्ला वाटतो. ‘मर्द बन’ हे मराठीच नाही. ‘माणूस हो’ म्हटलं की अर्थ पार दुसऱ्या टोकाला जातो, आणि खरं सांगायचं तर पुस्तकापेक्षा बरा होतो. पण मी अनुवादक आहे, लेखक नाही.

करवीरकर:
एवढा विचार कशाला मर्दा? आमच्या कोल्हापुरात ‘मर्दा’ म्हंजे पुरुष न्हवंच. ‘काय मर्दा, कुठं हाईस’, ‘जाऊ दे मर्दा’, ‘मर्दा, रस्सा लईच तिखट हाय’. मिसळीत पाव तसा वाक्यात मर्दा. अर्थ विचारशील तर शून्य, पन काढून टाक, वाक्य कोरडं पडतंय.

आनि खरं सांगू का, तालमीत कुनी कुनाला मर्द म्हनत न्हाई. तिथं ‘पठ्ठ्या’ म्हनत्यात. पठ्ठ्या म्हंजे शिकाऊ. केस पिकले, सोताची पोरं मातीत उतरली, तरी लोक म्हननार ‘हा अमुक वस्तादाचा पठ्ठ्या’. एकट्याचा कुनी मर्द नसतोय, कुनाच्या तरी हाताखालचा असतोय. तुझ्या पुस्तकात वस्ताद कोन हाय मर्दा?

खाडाखोड:
करवीरकर, पहिल्याच वाक्यात ‘करते आहे’ लिहिलंय. मराठीत क्रियापद सगळं सांगून टाकतं. वस्ताद मात्र खरंच कुणी नाही पुस्तकात. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लेखकाच्या ऑनलाइन कोर्सचा पत्ता आहे, तो धरत असाल तर धरा.

करवीरकर:
चुकलं ताई. पन आमच्यात पोरीबी एकमेकींना मर्दा म्हनत्यात. भाची फोनवर बोलती तवा ऐका एकदा.

अवग्रह:
माझा दोन पैशांचा मुद्दा: अर्थ कोशात शोधू नका, शेजारच्या क्रियापदात शोधा. पुरुषार्थ करतात. मर्दुमकी गाजवतात. पराक्रम करतात. पौरुष दाखवतात किंवा प्रकट होतं. ह्या सगळ्या घडणाऱ्या गोष्टी; केल्या तर असतात, एरवी नसतात. पुरुषत्व मात्र गमावतात, परत मिळवतात, सिद्ध करतात. मर्दानगीचंही तेच, तिला आव्हान दिलं जातं, तिला ठेच लागते. म्हणजे ह्या दोन शब्दांत ती एक वस्तू आहे, खिशात असते आणि पडू शकते. तुमच्या पुस्तकातली क्रियापदं कोणती आहेत ते पाहा, शब्द आपोआप ठरेल.

व्युत्पत्तीतही गंमत आहे. फारसीत ‘मर्द’ म्हणजे पुरुष, पण ‘मर्दुम’ म्हणजे माणूस, माणसं. आपली मर्दुमकी त्या मर्दुमच्या घरातली. ‘पुरुषार्थ’मधला पुरुष हाही माणूसच: धर्म, अर्थ, काम, मोक्ष ही काही फक्त मिशीवाल्यांची उद्दिष्टं नव्हेत (स्मृतिकारांनी तशी वागणूक दिली, ते वेगळं). व्याकरणात तर ‘ती’सुद्धा तृतीय पुरुषच.

सगळ्यात लांबचा प्रवास ‘वीर्य’ ह्या शब्दाचा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ‘इन्द्रस्य नु वीर्याणि प्र वोचम्’ असं सूक्त सुरू होतं, त्यातली वीर्ये म्हणजे इंद्राने केलेली शौर्याची कामं. वृत्राला मारलं, पाणी मोकळं केलं. वीराने केलं ते वीर्य. लॅटिनमधला ‘विर्’ म्हणजे पुरुष, तो ह्या वीराचा सख्खा भाऊ, आणि त्याच्यापासून झालेला ‘विर्तुस्’ आधी शौर्य होता, पुढे इंग्रजीत जाऊन सद्गुण झाला. तिकडे शब्द शरीरातून निघून चारित्र्यात गेला. आपल्याकडे तो कर्तृत्वातून निघून शरीरात गेला, आणि आज मराठी वर्गात ‘वीर्य’ उच्चारलं की मागच्या बाकावर खसखस पिकते.

(एक अवांतर. लिंगं पाहिलीत का? पौरुष ते, पुरुषत्व ते, मर्दानगी ती, मर्दुमकी ती. मिशी ती, दाढी ती, छाती ती, ताकद, धमक, रग, हिंमत सगळ्या त्या. यादीत पुल्लिंगी सापडला तो एकटा पुरुषार्थ.)

लिंबलोण:
अवग्रहताई, ‘वीर्य शरीरात गेलं’ म्हणालात, तिथून पुढचं मी सांगतो. पेशाने डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी.

आयुर्वेदातले सात धातू आपल्याला माहीत असतात: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. क्रमाने एकातून दुसरा. त्यावरून लोकांनी स्वतःचं त्रैराशिक मांडलं, रक्ताच्या इतक्या थेंबांचा वीर्याचा एक थेंब. कुणी चाळीस सांगतो, कुणी शंभर. शेवटच्या बाकावरचा पेशंट सगळे गेल्यावर आत येतो, खुर्चीच्या कडेवर बसतो आणि म्हणतो, ‘सर, अशक्तपणा आहे.’ रक्त तपासावं तर हिमोग्लोबिन चौदा. मग कळतं की धातू जातो ह्या धास्तीने पोरगं झोपत नाही. ह्या दुखण्याला १९६० साली डॉ. न. ना. विग ह्यांनी ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं.

पूर्वी ही धास्ती भिंतीवरच्या जाहिराती आणि ‘वीर्यनाश म्हणजे मृत्यू’ छापाच्या पुस्तिकांतून यायची. आता मुलगा मोबाइल दाखवतो: ‘सर, नोफॅप, नव्वद दिवस.’ इंटरनेटवरचं हस्तमैथुन-बंदीचं व्रत ते. चार दिवसांत मोडलं म्हणून रडत होता एकजण. औषध काय देऊ?

आणि हे फक्त आपलंच खूळ आहे असंही नाही. नेपोलियन हिलच्या १९३७ सालच्या ‘थिंक अँड ग्रो रिच’मध्ये कामशक्तीचं रूपांतर करून श्रीमंत होण्यावर अख्खं प्रकरण आहे. चाळिशीच्या आधी पुरुष क्वचितच यशस्वी होतो, कारण तोवर तो ही शक्ती उधळत असतो, असं त्यात म्हटलंय. अमेरिकन सेल्समनसाठी लिहिलेलं ब्रह्मचर्यच ते, फक्त मोक्षाच्या जागी बँक बॅलन्स.

आपल्याकडे र. धों. कर्वे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, पण वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ, कोरडी, शरीरशास्त्राची उत्तरं दिली. त्यांच्या लेखनात तुम्हाला हवा तो शब्द कसा येतो ते बघाच एकदा. उगाच फुगवलेला सापडणार नाही.

ठोंब्या:
इथे सगळे ही पुस्तकं न वाचता बोलताहेत, म्हणून लिहितो. मी वाचतो. वय २३. पोलीस भरतीची दोन वर्षं तयारी, सोळाशे मीटरमध्ये दोनदा मार्क गेले.

माझे वडील चांगले आहेत. पण ते माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे ‘जेवलास का’, ‘पैसे आहेत का’ एवढंच. दाढी कशी करायची हे मी मोबाइलवर बघून शिकलो. मुलीशी कसं बोलायचं, नापास झाल्यावर घरी कसं सांगायचं, काही नाही. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत एक मिळालं साठ रुपयाला. त्यात लिहिलं होतं, खांदे मागे घेऊन ताठ उभा राहा. हसू नका, पण मी खोलीत उभा राहिलो तसा. कुणीतरी पहिल्यांदाच मला ‘असं कर’ म्हणत होतं, आणि त्यात ओरडणं नव्हतं.

त्याच पुस्तकात पुढे मुलींबद्दल, त्या कुणाला निवडतात, कुणाला टाकतात, असलं बरंच होतं. ते तेव्हा पटलं. नंतर अभ्यासिकेत शेजारी बसणारीने दोन महिने नोट्स दिल्या आणि कुठलंच गणित जुळेना, तेव्हा नाही पटलं. पण खांदे अजून ताठ ठेवतो.

ताई, मला एक सांगा, तुम्ही अनुवादात वाचकाला तू म्हणताय की तुम्ही? आणि ‘अल्फा’ला, म्हणजे सगळ्यांवर वर्चस्व गाजवणाऱ्या पुरुषाला, काय शब्द आहे मराठीत?

खाडाखोड:
ठोंब्या, तुझ्या नावात बदल कर आधी.

तू-तुम्हीचा प्रश्न मूळ धाग्यात टाकायला हवा होता. इंग्रजीत एकच ‘यू’, त्याची सोय मोठी. मी ‘तुम्ही’ धरलंय. ‘उठा, पळा, गप्प बसा’ वाचताना मलाच ते गृहसंकुलातल्या सूचनाफलकासारखं वाटतं. ‘ऊठ’ म्हटलं तर वडील होतात किंवा वस्ताद, आणि लेखकाला ते नातं मिळालेलं नाही.

अवग्रह:
तिसरा पर्याय समर्थांनी वापरलाय. ‘प्रातःकाळी उठावें । कांहीं पाठांतर करावें ।’ विध्यर्थ. त्यात ना तू ना तुम्ही; सांगणारा स्वतःही त्या ‘उठावें’च्या आत येतो. मराठी तरुणाला पहाटे उठायला सांगणारं हे बहुधा सगळ्यात टिकलेलं पुस्तक.

पिंपळपार:
दासबोधाचा विषय निघाला म्हणून. त्यातही सगळं गोड नाही बरं का. मूर्खलक्षणांत सुरुवातीलाच ‘स्त्रीआधेन जीवित’ असणारा मूर्ख म्हणून मोजलाय. बायकोच्या ताटाखालचं मांजर ही शिवी तेव्हाही होतीच.

माझं छोटं वाचनालय आहे, मराठवाड्यात. ह्या पुस्तकांची आमच्याकडची फळी ‘व्यक्तिमत्त्व विकास’ नावाची, आणि सगळ्यात जास्त फाटते ती तीच. परत आलेली पुस्तकं मी चाळतो, कारण त्यांत चिठ्ठ्या, तिकिटं, एकदा तर शंभराची नोट सापडली होती. एका पुस्तकात पहिल्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने ‘उद्यापासून’. दुसऱ्यात ‘सोमवारपासून’. तिसऱ्यात ‘दिवाळी झाल्यावर’. पुढे कोरं. जिथे ‘भावना दाखवू नका, लोक दुबळे समजतील’ अशा अर्थाचं वाक्य होतं तिथे मात्र अक्षर वेगळं, निळ्या पेनाने: ‘आई गेली तेव्हा?’

ते पुस्तक मी पुन्हा फळीवर ठेवलं, समास न खोडता.

आता शब्दाचा मुद्दा. ‘सेल्फ-हेल्प’ला सरकारी मराठीत ‘स्वयंसहाय्य’ म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की गावात कुणाच्या डोळ्यांपुढे पुस्तक येत नाही. बायका येतात. स्वयंसहाय्यता बचत गट. दहा-बाराजणी, सतरंजी, पासबुक, महिन्याची वर्गणी. तोच इंग्रजी शब्द बायकांसाठी आला तेव्हा गट होऊन आला, आणि पुरुषांसाठी आला तेव्हा ‘व्यक्तिमत्त्व’ होऊन. एकेकट्याने, कडी लावून वाचायचं.

अवग्रह:
पिंपळपार, ह्याला इतिहासाचा भक्कम टेकू आहे. सॅम्युएल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ आलं १८५९ साली, ज्या पुस्तकाने ह्या सगळ्या प्रकाराला नाव दिलं ते. त्याचं मूळ होतं लीड्समध्ये कामगार तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानांत. त्या पोरांनी संध्याकाळी जमून एकमेकांना लिहायला, वाचायला, हिशेब शिकवायचं मंडळ काढलं होतं, आणि स्माइल्सला बोलवायला तीच गेली होती. म्हणजे पहिलं सेल्फ-हेल्पही बचतगटातच जन्मलं. शेवटचं प्रकरण आहे ‘जंटलमन’वर. माणूस खरा जंटलमन आहे की नाही ह्याची कधीच न चुकणारी कसोटी तो देतो: आपल्या हाताखालच्यांवर तो सत्ता कशी वापरतो, बायकामुलांशी कसा वागतो.

‘जंटलमन’ला आपला जुना शब्द ‘सद्गृहस्थ’. मराठीत अनोळखी प्रौढ पुरुषाला आपण अजूनही ‘एक गृहस्थ आले होते’ असंच म्हणतो. घर असलेला तो. लग्न झालेलं असो वा नसो.

आता ठोंब्याचा अल्फा. शेंकेल नावाच्या संशोधकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली कळपातल्या वर्चस्वाबद्दल लिहिलं. लांडग्यांचे अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक ह्यांच्या १९७०च्या पुस्तकाने ‘अल्फा लांडगा’ घरोघरी नेला. मग हेच मेक कॅनडातल्या एल्समीर बेटावर तेरा उन्हाळे रानातल्या लांडग्यांमागे राहिले आणि १९९९ साली त्यांनी लिहिलं की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. ज्याला आपण अल्फा म्हणतो तो मारामारी जिंकलेला नसून पिल्लांचा बाप असतो, आणि शेजारची त्यांची आई. वर्चस्वाची झोंबाझोंबी दिसली होती ती अनोळखी लांडगे एका पिंजऱ्यात कोंबल्यामुळे.

तेव्हा अल्फाचा शास्त्रशुद्ध मराठी अनुवाद: गृहस्थ.

लिंबलोण:
वा! ‘सिग्मा मेल’चं, म्हणजे कळपाबाहेर एकटा राहणाऱ्या पुरुषाचं, काय करायचं मग? ब्रह्मचारी?

अवग्रह:
सिग्मा हे ग्रीक वर्णमालेतलं अठरावं अक्षर. त्याला आपण आधी पाहुण्यासारखं बसवू, पाणी देऊ, मग बघू.

मांडवी:
गोव्याकडून एक शब्द. आमच्याकडे पुरुष म्हणजे दादलो. मराठीत तोच दादला, पण तिथे तो आक्रसून नवरा झाला. एकनाथांच्या भारुडातली ‘मला दादला नलगे बाई’ म्हणणारी आठवते ना? मोडकंसं घर, तुटकंसं छप्पर. अध्यात्माचं रूपक आहे हे मान्य, पण घरात शाकारणी न करणाऱ्या दादल्याबद्दलची चिडही खरी वाटते. ‘मॅस्क्युलिनिटी’ला ‘दादलेपण’ म्हणून पाहा. मुखपृष्ठावर नाही जाणार, ठाऊक आहे.

आणखी एक निरीक्षण. पुरुष असण्याला आपल्याकडे चार-पाच शब्द, नसण्याला पाहा: बायल्या, बुळा, नेभळट, मेंगळट, पुळचट, शेळपट, भित्री भागूबाई. माझा मुलगा सहा वर्षांचा, पडला की शेजारच्या काकी म्हणतात, ‘रडूबाई कोण ते?’ रडणारा मोठा झाला की मात्र ‘रडतराव’, त्याला म्हणीत घोडाही मिळतो बसायला.

ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून हेच सगळे दोष उचलून पुरुषांच्या पदरात परत घातले होते. त्यांचा एक परिच्छेद मोठ्याने वाचा, अनुवादाला धार येईल.

ठोंब्या:
आणि ‘टॉक्सिक’ला? त्याशिवाय आता काही बोलताच येत नाही कॉलेजात. ‘विषारी पुरुषत्व’ म्हणजे साप वाटतो.

खाडाखोड:
‘विखारी’ बरा, पण त्यात डूख धरल्याचा भाव आहे. गंमत म्हणजे ती संज्ञा पुरुषांना हिणवायला कुणी बाहेरून फेकलेली नाही. अमेरिकेत १९८०-९०च्या सुमारास पुरुष रानात जमून ढोल वाजवत, मिथककथा सांगत, बापाबद्दल रडत, त्या चळवळीतून ती आली. त्या मंडळींचा बिनीचा माणूस कवी रॉबर्ट ब्लाय, ज्याने कबीर इंग्रजीत नेला. पुरुषाचं जे रूप त्याला स्वतःलाच पोखरतं त्याला ते ‘टॉक्सिक’ म्हणत. शब्द औषधाच्या बाटलीवर चिकटवायला केला होता, हातोहाती फिरून तो दगड झाला.

मुंबईत १९९३पासून ‘मावा’ (मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज) ही संस्था मुलग्यांशी ह्याच विषयावर बोलते आहे, त्यांचा दिवाळी अंक ‘पुरुष स्पंदनं’ नावाने निघतो. ‘स्पंदनं’ पाहून मला हेवा वाटला. त्यांनी मूळ शब्दाशी झटापट केलीच नाही, बाजूने वाट काढली.

तर माझं आत्तापर्यंत ठरलेलं: अवग्रहताईंच्या क्रियापदांच्या चाळणीतून पुस्तक पुन्हा काढलं. जिथे ‘गमावणे, परत मिळवणे’ आहे तिथे ‘मर्दानगी’च ठेवते, लेखकाचा माल लेखकाच्या पोत्यात. जिथे काही करून दाखवायचं आहे तिथे ‘पुरुषार्थ’. एका ठिकाणी बापाने मुलाला सायकल शिकवण्याचा प्रसंग आहे, तिथे मूळ शब्द गाळून नुसती सायकल ठेवली. मुखपृष्ठ बदलणार नाही असं संपादकांनी आज फोनवर सांगितलं. माझं नाव त्या शब्दाखाली छापून येणार आहे.

‘बी अ मॅन’ येतं ते नोकरी गेलेल्या मुलाला मित्र धीर देतो तिथे. ‘नेट धर’ केलंय. कसं वाटतं?

करवीरकर:
फस्क्लास.

ठोंब्या:
ताई, ‘नेट धर’ वाचून आमची पोरं टॉवरखाली जाऊन उभी राहतील.

खाडाखोड:
‘नेट लाव’?

ठोंब्या:
ते तर थेट वायफायच झालं.

खाडाखोड:
बरं बाबा, ‘हिंमत धर’.

अवग्रह:
स्त्रीलिंगी आहे. संपादकांना कळू देऊ नका.